घोडीची जोडी

मैत्रिणींनो, ज्या घरी सुतारकाम चालतं, त्या घरी दिवसातून चार वेळा तरी एक हाक ठरलेली असते. "अगं, जरा हे टोक धर!" मग गॅस बारीक करायचा, पदर खोचायचा आणि पुढच्या खोलीत जाऊन फळीचं टोक धरून उभं राहायचं. करवत थांबली की पुन्हा स्वयंपाकघर. जुन्या नाशकातल्या अरुंद गल्ल्यांत किंवा सिडकोतल्या लहानशा घरांत, जिथं पुढची खोली हाच कारखाना, तिथल्या गृहिणीला हे वेगळं सांगायला नकोच. तिच्या या कामाची नोंद कुठं होत नाही, मजुरी तर नाहीच नाही.

हे टोक धरण्याचं काम लाकडाच्या दोन घोड्या बिनतक्रार करतात. कपडे वाळत घालायची घोडी आपल्या ओळखीची आहेच. ही तिचीच दणकट बहीण समजा. आपल्याकडचे सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या बोटांत धरून काम करत आले. रंध्या-पटाशीचं बारीक काम तसं छानच होतं. पण सात-आठ फुटी फळी जमिनीवर कापायची म्हणजे कंबर वाकते, गुडघे धरतात आणि करवत घसरली तर पाऊल तिच्या वाटेतच असतं. शिवाय दुसरं माणूस लागतं ते वेगळंच.

लाकूड कोणतं घ्यावं? सागवान महाग, ते दार-खिडक्यांसाठी राहू द्या. बाभूळ चिवट खरी, पण फार जड. उचलता उचलता नको होते. निलगिरी वाळताना पिळते, आंब्याला कीड लवकर लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांचं पाईन हलकं आणि सरळ असतं. मात्र परदेशी खोक्यावरचा शिक्का पाहून घ्या हं! 'एचटी' ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड नुसतं तापवलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणूच नका. जुन्या वाड्याचं लाकूड मिळालं तर उत्तमच, पण आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत दडलेला एखादा खिळा करवतीचे दात घालवतो.

साहित्य (एका जोडीसाठी) : २ बाय दीड इंची रीप सुमारे ४० फूट, ३ इंची बिजागऱ्या ४, दीड-दीड फुटी साखळीचे तुकडे ४, सव्वा इंची स्क्रू आणि लाकडाचा डिंक.

कृती : एका घोडीला दोन चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीला २६ इंची दोन पाय आणि ३० इंची दोन आडव्या पट्ट्या. एक पट्टी अगदी वर, दुसरी जमिनीपासून सहा इंचांवर. जिथं पाय आणि पट्टी भेटतात, तिथं दोन्हींत पाऊण-पाऊण इंच खोल खाच काढा, म्हणजे सांधा सपाट बसेल. डिंक लावून दोन-दोन स्क्रू पिळा. डिंक ओला असतानाच सुतळीनं चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे. नसेल तर हातानं दाबून नीट करा. मग रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चौकटी एकमेकींना चिकटून उभ्या करा. वरच्या कडांवर, दोन्ही टोकांपासून पाच-पाच इंच आत, बिजागऱ्या अशा बसवा की त्यांचा कणा बरोबर फटीवर येईल. आता घोडी उघडा. पायांत १२ इंच अंतर पडलं की थांबा आणि खालच्या पट्ट्यांना साखळ्या ताणून ठोका. सुती दोरी नको. ती पावसाळ्यात आखडते नि उन्हाळ्यात सैल पडते. शेवटी घोडी सपाट फरशीवर ठेवा. अर्धा इंच जाडीचा एक तुकडा जमिनीवर सरकवत, त्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांना रेघ मारा आणि तेवढं तिरपं कापून टाका. घोडी डुगडुगणार नाही.

उघडल्यावर वर एक उथळ खोबण तयार होते, पाहा. बिजागरी तिच्यात दडते, आणि गोल बांबू किंवा पाईप तिच्यात न घरंगळता बसतो. काम झालं की घोडी मिटून भिंतीवर खुंटीला अडकवा. जाडी अवघी तीन इंच!

उंची कुणाच्या मापाची? जो कापणार त्याच्या, किंवा जी कापणार तिच्या! करवतकामाची घोडी गुडघ्याहून किंचित उंच हवी, म्हणजे एक गुडघा फळीवर दाबून धरता येतो. वर दिलेलं माप त्यासाठीच आहे. उभ्यानं घासकाम, पॉलिश करायचं तर दुसरी उंच जोडी करा. तिच्यावरची फळी आपल्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली यायला हवी.

कापताना एक नियम पाळा. कापायची रेघ दोन घोड्यांच्या मधोमध कधीच नको, ती बाहेरच्या बाजूला हवी. मधे कापलं की फळी खचते, फट मिटते आणि करवत अडकते. प्लायवूडचा आठ बाय चारचा तक्ता असेल तर घोड्यांवर आधी दोन-तीन लांब रिपा आडव्या टाका, म्हणजे दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतील. विजेची करवत चालवताना ओढणी, सैल बांगड्या काढून ठेवा, नाकाला रुमाल बांधा. पायांना वर्षातून एकदा बेलतेल पाजलं की ओल धरत नाही. पण तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा. आणि पंखा पुसायला घोडीवर चढणं मुळीच नको, बरं का!

सुट्टीच्या दिवशी हीच जोडी घरच्या उपयोगाची. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया, गणपतीत आरास, एरवी ब्लाऊज बेतायचं टेबल. वाळवणाची फळी मात्र वेगळी ठेवा, पॉलिशची नको. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्याही येत नाहीत.

आता शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. टोक धरण्यातून सुटलेले हात पॉलिशला, मापं घ्यायला, हिशेबाला लागले, तर त्या कामावर आपलं नाव असू द्या. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली आहे. मात्र लाभ कुटुंबातल्या एकालाच. घरात हे काम खरोखर तुम्ही करत असाल, तर ते एक नाव कुणाचं, हे यजमानांशी बसून मोकळेपणानं ठरवा. आणि एवढ्यात अर्ज करायचा नसला, तरी तुमच्या कामाचे तास रोजच्या वहीत लिहायला कुणाची परवानगी लागत नाही!