विश्लेषण : लायगो हिंगोलीत येतेय, पण हिंगोलीची मुले लायगोत जातील का?

गुरुत्वीय लहरी टिपणारी जगातील मोजक्या वेधशाळांपैकी एक मराठवाड्यात उभी राहत आहे. केंद्राने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. मात्र या प्रकल्पाच्या परिसरातील शाळा, आयटीआय आणि तंत्रनिकेतने त्याच्याशी जोडण्याचे काम आत्ताच हाती घेतले नाही, तर स्थानिक तरुणांच्या वाट्याला फाटकावरची नोकरी तेवढी उरेल.

लायगो इंडिया प्रकल्प नेमका काय?

अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाश-काळाच्या पटावर लहरी उठतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांताने त्यांचे भाकीत केले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने त्या प्रत्यक्ष टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये हा शोध जगाला सांगितला. दोन वर्षांत, म्हणजे २०१७ मध्ये त्याला नोबेलही मिळाले. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे अशा दोन वेधशाळा आहेत, इटलीत ‘व्हर्गो’ आणि जपानमध्ये ‘काग्रा’. याच जाळ्यातील भारताची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. काम २०३० च्या सुमारास पूर्ण करण्याचे उद्दिष्ट त्या वेळी सांगण्यात आले. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय मिळून हा प्रकल्प राबवीत आहेत.

हिंगोलीच का?

या यंत्राला शांत जमीन लागते. काटकोनात जोडलेल्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यात निर्वात नळ्या, टोकाला काचेच्या तंतूंवर टांगलेले सुमारे ४० किलोंचे आरसे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझर अशी त्याची रचना असते. लहर आली की भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो आणि तो मोजायचा असतो. जवळून मालगाडी गेली, कारखान्याचे यंत्र धडधडले तरी मोजणीत गोंधळ होतो. मोठे उद्योग, वर्दळीचे महामार्ग, दाट वस्ती यांपासून दूर असलेली सपाट जमीन म्हणूनच हवी होती आणि ती येथे मिळाली.

यात एक बोचरी बाब आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठे उद्योग आले नाहीत, ही इथल्या तरुणांची जुनी तक्रार. तीच उणीव प्रकल्पासाठी पात्रता ठरली. आता प्रकल्प उभा राहिल्यावर आसपास धूर ओकणारे कारखाने काढता येणार नाहीत. म्हणजे या परिसराला रोजगाराचा एक मार्ग काही अंशी कायमचा सोडावा लागणार आहे. त्याची भरपाई कशाने व्हायची? ज्ञान आणि कौशल्य हेच त्याचे सरळ उत्तर आहे.

शास्त्रज्ञांच्या जागा तर देशपातळीवरच भरल्या जाणार ना?

होय, आणि तसेच व्हायला हवे. संशोधकाची निवड जिल्हा पाहून करता येत नाही. पण वेधशाळा केवळ पीएच.डी. झालेल्यांवर चालत नाही. आठ किलोमीटरच्या निर्वात नळीत सुईच्या अग्राएवढी गळती राहून चालत नाही. त्यासाठी पोलादाचे अत्यंत काटेकोर वेल्डिंग आणि गळती तपासणी येणारे हात लागतात. निर्वात पंप, स्वच्छ कक्षांतील वातानुकूलन, अखंड वीजपुरवठा, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक जाळे, माहितीचा साठा हे सारे रात्रंदिवस सांभाळावे लागते. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन मेकॅनिक हे तर आयटीआयचे नेहमीचेच ट्रेड. प्रश्न एवढाच की, आयटीआयमधून बाहेर पडणारा वेल्डर खिडकीची जाळी जोडण्यापुरता शिकलेला असतो की निर्वात नळी जोडण्याइतका. या दोन्हींमधले अंतर भरायला वर्ष-दोन वर्षांचे पुढचे प्रशिक्षण, चांगली यंत्रे आणि ती हाताळलेला निदेशक लागतो. शिवाय हे कौशल्य केवळ लायगोपुरते नाही. औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया, अवकाश आणि अणुऊर्जा या सगळ्या क्षेत्रांत त्याला मागणी आहे.

वेळही फार नाही. अमेरिकेतील लायगोचे बांधकाम १९९४ मध्ये सुरू झाले, निरीक्षणे २००२ मध्ये आणि पहिली लहर सापडली २०१५ मध्ये. अशी वेधशाळा बांधून संपत नाही. तिची संवेदनशीलता वाढवण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. आज औंढ्याच्या शाळेत आठवीत बसलेली मुलगी या साऱ्या काळात विशी-तिशीत असेल. ती आत असेल की बाहेर, हे पुढच्या तीन-चार वर्षांतल्या तिच्या विज्ञानाच्या तासांवर ठरणार आहे.

मराठवाड्यात विज्ञान शिक्षण कमी आहे का?

वरवर पाहिले तर नाही. ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याची ओळख राज्यभर केली. लातूर आणि नांदेडमध्ये वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी दूरदूरहून मुले येतात. नांदेडला १९८१ पासून गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. खेड्यातल्या मुलांनी डॉक्टर-इंजिनीअर व्हावे, ही आकांक्षा या पॅटर्नने रुजवली. हे त्याचे श्रेय मान्य करायलाच हवे.

पण या पॅटर्नचा गाभा परीक्षा हाच राहिला. बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकांचे आणि दहावीच्या विज्ञानाला २०. हे गुण बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात आणि म्हणूनच ते कमावण्यासाठी प्रयोग करण्याची गरज कुणाला वाटत नाही. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत विद्यार्थ्याचे नाव पटावर असते आणि तो शिकवणीच्या शहरात. जर्नल उतरवून काढले जाते. प्रवेश परीक्षेत प्रात्यक्षिकाला स्थान नाही, त्यामुळे पालकांनाही त्यात वेळेचा अपव्यय वाटतो. लोलकाचा आवर्तकाल सूत्राने काढता येणारा, पण दोरी-खडा घेऊन कधीच न मोजलेला मुलगा वेधशाळेच्या कोणत्या कामाचा?

आणि ही गोष्ट शिकवणीची फी परवडणाऱ्यांची झाली. ज्यांना ती परवडत नाही, त्यांचे काय होते हे ‘असर’च्या २०२३ च्या अहवालात दिसते. ग्रामीण भारतात अकरावी-बारावीला निम्म्याहून अधिक मुले कला शाखेत आहेत आणि विज्ञान-गणिताच्या शाखांत मुलगे ३६.३ टक्के, तर मुली २८.१ टक्के. गावात दहावीपर्यंतच शाळा असली आणि विज्ञानाचे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला असले, की मुलीची शाखा तिच्या आवडीपेक्षा एसटीच्या वेळापत्रकाने ठरते.

योजनांची तर रेलचेल आहे, मग अडते कुठे?

योजना आहेत हे खरे. ‘इन्स्पायर-मानक’मध्ये निवड झालेल्या विद्यार्थ्याला कल्पना साकारण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान असते. देशात अशा १० हजार प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे.

अडते ते माणसापाशी. थ्रीडी प्रिंटर खोक्यातून निघतो, उद्घाटनाचा फोटो होतो आणि नंतर खोलीला कुलूप लागते, कारण यंत्र बिघडले तर जबाबदारी शिक्षकाची. त्याला प्रशिक्षण दोन दिवसांचे, वेळापत्रकात तास नाही, दुरुस्तीला पैसा नाही आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम मात्र रोजचे. प्रयोगशाळा सहायकाचे पद रिक्त असेल तर साहित्य मांडायचे, धुवायचे आणि मोजून परत ठेवायचे कामही त्याच्यावरच. बालवैज्ञानिक स्पर्धेचा फायदा घ्यायचा तर शाळेत कुणीतरी अर्ज भरून मुलांची तयारी करून घ्यावी लागते. जिथे असा एक धडपड्या शिक्षक आहे तिथे योजना चालते. त्याची बदली झाली की ती थांबते.

खर्चाचे प्रमाणही समजून घेण्यासारखे आहे. लायगोच्या खर्चाचा एक टक्का म्हणजे २६ कोटी. तेवढ्यात १३० शाळांना टिंकरिंग लॅबएवढी सामग्री मिळू शकते. ते पैसे प्रकल्पातून वळवावेत असे नव्हे. पण पैसा हा खरा अडसर नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रात हे कुठे जमले आहे?

उदाहरण शोधायला परदेशी जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला विज्ञान प्रदर्शन भरते, शाळांचे विद्यार्थी स्वतःचे प्रयोग मांडतात आणि संशोधक त्यांना प्रश्न विचारतात. जत्रेला जावे तशी मुले तिथे जातात. शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी, आरोग्य यांची कामे हातांनी करता करता विज्ञान शिकायचे, हा त्यांचा मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. आठवड्यातला एक दिवस मुले वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात. आयुकातील ‘मुक्तांगण’ केंद्रात तर अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबमधून प्रयोग उभे केले. शाळेकडे पैसा नाही ही सबब त्यातून बरीचशी निकालात निघते.

अमेरिकेतील लिव्हिंग्स्टनने हेच केले. पहिली लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधी तिथे वेधशाळेच्या आवारात विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि जवळच्या सदर्न विद्यापीठाला सोबत घेऊन स्थानिक शिक्षकांची तयारी करून घेण्यात आली. म्हणजे शोध लागेपर्यंत गावकऱ्यांना थांबावे लागले नाही.

भाषेचा प्रश्न कसा सोडवायचा?

दहावीपर्यंत मराठीत ‘संवेग’ शिकलेला मुलगा अकरावीत ‘मोमेंटम’ ऐकून गोंधळतो आणि आपल्याला भौतिकशास्त्र जमत नाही असे समजतो. अडचण खरे तर शब्दाची असते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वंचित वस्त्यांतील विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या कामात भाषा सोपी केली, की विज्ञानातली कामगिरी सुधारते, हे दिसून आले होते. जेईई (मेन) आणि नीट आता मराठीतूनही देता येतात. अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची मुभा २०२१ पासून आहे. पण इंग्रजी टाळून संशोधनात पुढे जाता येणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून नववीपासून दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी-शेजारी शिकवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. तो स्वीकारायला वेगळे अनुदान लागत नाही.

आधी पाणी, रस्ते. मग कृष्णविवरे, हा आक्षेप योग्य नाही का?

दुष्काळ आणि नापिकीने पिचलेल्या भागात हा प्रश्न विचारला जाणारच आणि तो उर्मटपणे झटकता येणार नाही. ज्यांच्या परिसरातली जमीन प्रकल्पाला गेली, त्यांना ब्रह्मांडाच्या उत्पत्तीत रस असावा अशी सक्ती कुणी करू नये. मात्र विज्ञान शिक्षण आणि पाण्याचा प्रश्न हे एकमेकांचे स्पर्धक नाहीत. विहिरीची पातळी मोजणारा, पंपाची मोटर दुरुस्त करणारा, हळदीच्या प्रक्रियेचे छोटे यंत्र बनवणारा तरुण त्याच वर्गातून येतो. दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे मुलांचा लायगोशी संबंध येणार नाही. पण मोजून पाहण्याची सवय सर्वांच्याच कामी येते.

मग आता काय करायला हवे?

पहिले, औंढ्याला विज्ञान केंद्र वेधशाळेची वाट न पाहता सुरू करावे. आयुकाकडून होणारे उपक्रम चांगले आहेत, पण पुण्याहून येणाऱ्या पथकावर कायमचे विसंबता येत नाही. दुसरे, हिंगोली, परभणी आणि नांदेडच्या निवडक आयटीआय व तंत्रनिकेतनांत निर्वात तंत्र, अचूक वेल्डिंग आणि लेझर-प्रकाशिकीचे अभ्यासक्रम प्रकल्पातील संस्थांच्या मदतीने ठरवावेत आणि ठेकेदारांना स्थानिक प्रशिक्षणार्थी घेण्याची अट घालावी. तिसरे, प्रयोगशाळा सहायकांची रिक्त पदे भरावीत व प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरच्या परीक्षकासमोर खरोखर घ्यावी. चौथे, मागास तालुक्यांत मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या बस आहेत. आठवड्यातून दोन दिवस त्यांची परतीची वेळ तासभर पुढे ढकलली, तर मुलींना शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबता येईल.

यातले काहीही उपकार म्हणून मागण्याचे कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची समन्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद आहे. त्यासाठी नेमलेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि अनुशेषाची चर्चाही मागे पडली. ती चर्चा सिंचन आणि रस्त्यांच्या किलोमीटरपुरती न ठेवता प्रयोगशाळांपर्यंत न्यायची असेल, तर लायगोइतके ठोस निमित्त मराठवाड्याला पुन्हा मिळणे कठीण आहे.