महाड एमआयडीसी: कंपनीत बीपी मोजलं, कागद फाइलमध्ये गेला, पुढे काय?

"डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" बीपी वाढलंय असं कळल्यावर अनेकांचा हाच पहिला प्रश्न असतो. महाड औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराच्या मनात आणखी एक प्रश्न येऊ शकतो: "आकडा जास्त निघाला तर उद्या गेटपास मिळेल का?"

हे दोन्ही प्रश्न आता महत्त्वाचे झाले आहेत. का, ते समजून घेऊया.

नवीन काय घडलंय?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी ही त्यातली एक तरतूद. त्याआधी, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाचे दिवसाचे कमाल तास ९ वरून १२ करण्याला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेण्याचं ठरलं. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल.

म्हणजे एकीकडे तपासणी वाढणार आणि दुसरीकडे कामाचे तासही वाढू शकतात.

तासांचा बीपीशी काय संबंध?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असल्याचं त्यात आढळलं. पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण उच्च रक्तदाबच आहे.

रात्रपाळीचाही वाटा आहे. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. तेवढाच रक्तवाहिन्यांना आराम. झोपेचं गणित सतत बिघडलं की हा आराम कमी होतो. त्यात जागं राहण्यासाठी चहा आणि तंबाखू, आणि घाईच्या डब्यात पापड, लोणचं नाहीतर सुकट.

किती बीपी म्हणजे जास्त?

१४०/९० किंवा त्याहून जास्त, तेही वेगवेगळ्या दिवशी मोजल्यावर. एका आकड्यावरून सहसा निदान होत नाही. पण १८०/११० च्या पुढे आकडा गेला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मोजताना पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर हवा. अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. मोजताना बोलू नका. जिना चढून आल्या आल्या किंवा रात्रपाळी संपवून तसंच रांगेत उभं राहून मोजलेला आकडा फसवा असू शकतो. झोप झाल्यावर पुन्हा मोजा.

खरी अडचण कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात उच्च रक्तदाब असलेल्या दर पाच जणांपैकी जवळपास चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. अनेकांना आजार असल्याचंच माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, त्यांच्यापैकीही कित्येक जण बरं वाटलं की गोळी सोडतात.

यावर उपाय आहे, आणि तो फार लांबही नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' या उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला घेतलेल्या जिल्ह्यांत सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. पद्धत साधी होती: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी महिन्याभराचं औषध, घराजवळच्या केंद्रात तपासणी आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या सुमारे २२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बीपी आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. हा फरक नवं किंवा महाग औषध आणून पडलेला नाही. गोळी चालू राहिली म्हणून पडला.

पाळी बदलते, मग गोळी कधी घ्यायची?

ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. गोळी सकाळी घ्या किंवा संध्याकाळी, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यात फरक पडला नाही. त्यामुळे पाळी कुठलीही असो, चुकणार नाही अशी वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि ती पाळा.

आणखी तीन गोष्टी:

- मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी. पापड, लोणचं, सुकी मासळी यांतलं मीठही यातच धरायचं.
- अंगदुखीवर डायक्लोफिनॅकसारखी गोळी मनाने घेऊ नका. त्याने बीपी वाढू शकतं.
- कमी सोडियमचं मीठ किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

गेटपासच्या भीतीचं काय?

भीती खोटी नाही. उंचीवरच्या कामाआधी बीपी बघितलं जातं आणि आकडा जास्त असेल तर त्या दिवशी थांबवलं जाऊ शकतं. पण तपासणीच्या सकाळी शेजाऱ्याची गोळी खाऊन आकडा खाली आणणं हा उपाय नव्हे. त्याने उंचीवर चक्कर येऊ शकते. नियमित उपचाराने बीपी आटोक्यात असलेला माणूस वर्षानुवर्षं काम करतो. आजार लपवणाऱ्याचं काम मात्र एका झटक्यात सुटू शकतं.

घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्य नोंदी त्यांना बघायला मिळाल्या पाहिजेत, असं कायदा सांगतो. म्हणून तपासणी झाली की कागदाची प्रत मागा, निदान मोबाईलमध्ये फोटो काढा. तो घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. त्यामुळे घरच्यांनाही सोबत न्या.

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर पाळी संपायची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

कंपनीच्या फाइलमधल्या आकड्याने कुणाचं बीपी कमी होत नाही. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचला, तरच त्या तपासणीचा उपयोग.