३८४ आणि ३८४ : महाराष्ट्राच्या बाद फेरीचे गणित, नांदेड-लातूरकडून पाहताना

जानेवारी २०२३. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजी करंडकाचा अखेरचा साखळी सामना. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४ धावांवर आटोपला. मुंबईचा पहिला डावही बरोबर ३८४ धावांवरच आटोपला. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील आघाडीचे तीन गुण कोणाच्याच पदरात पडले नाहीत आणि त्या गटातून सौराष्ट्र व आंध्र हे संघ बाद फेरीत गेले. सौराष्ट्राने पुढे करंडकही जिंकला.

नांदेडच्या किंवा लातूरच्या क्रिकेटवेड्या माणसापुढे महाराष्ट्राच्या बाद फेरीचा विषय काढला, की तो प्रथम ही एक धाव आठवतो. एक धाव अधिक झाली असती तर! या हळहळीत एक गोष्ट मात्र सहज निसटते. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात मुंबईपुढे २५३ धावांचे आव्हान होते आणि खेळ थांबला तेव्हा मुंबईची अवस्था ६ बाद १९५ होती. आणखी चार गडी बाद झाले असते तर निर्णायक विजयाचे सहा गुण मिळाले असते. वेळ थोडा होता, हे खरे. तरीही एका धावेची आठवण सर्वांना आहे आणि चार गड्यांची फारशी कोणाला नाही, यातच महाराष्ट्राच्या क्रिकेटचा जुना स्वभाव दिसतो.

हा स्वभाव समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ रणजी स्पर्धेत १९३४-३५ पासून खेळतो. म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला येण्याच्या पंचवीस वर्षे आधी क्रिकेटमधला महाराष्ट्र अस्तित्वात होता. त्या काळी नांदेड निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव. (लातूर जिल्हा झाला तो थेट १९८२ मध्ये.) १९३७-३८ मध्ये हैदराबादने नवानगरला अंतिम सामन्यात एका गड्याने हरवून रणजी करंडक जिंकला. कागदोपत्री पाहिले तर त्या दिवशी विजेतेपद नांदेडच्या संस्थानाचे होते, पुण्याच्या संघाचे नव्हे.

महाराष्ट्राची पाळी त्यानंतर आली. १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन करंडक, आणि दोन्ही वेळा नेतृत्व प्रा. दि. ब. देवधरांचे. पहिल्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. दुसऱ्या हंगामात मुंबईविरुद्ध पुण्यात महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या आणि मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली. देवधरांच्या त्यात २४६ धावा होत्या आणि वय होते अठ्ठेचाळीस! पंचवीस धावांच्या आघाडीवर संघ पुढे गेला. पहिल्या डावातील आघाडीने महाराष्ट्राला एकदा भरभरून दिले आहे. २०२३ मध्ये तिने हात आखडता घेतला, एवढेच.

त्यानंतर मात्र करंडक नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या शिकागो कब्ज या संघाने १९०८ नंतरचे विजेतेपद २०१६ मध्ये मिळवले आणि त्या १०८ वर्षांच्या प्रतीक्षेची तिकडे दंतकथा झाली. महाराष्ट्राची प्रतीक्षा ऐंशी वर्षे ओलांडून गेली आहे, पण तिची दंतकथा कोणी रचली नाही. राज्याच्या उरलेल्या दोन संघांनी इतके करंडक आणले, की तिसऱ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

या प्रतीक्षेचा सर्वांत बोलका हंगाम १९४८-४९ चा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद संस्थान मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. समोरच्या संघाने सामना सोडून दिला आणि विक्रम राहून गेला. ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. त्याच हंगामाच्या उपांत्य सामन्यात, पुण्यातच, मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. चौथ्या डावात सहाशेचा टप्पा ओलांडूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. चारही डावांच्या मिळून २३७६ धावा हा प्रथम श्रेणी क्रिकेटमधला उच्चांक ठरला.

फलंदाजीचे इतके वैभव असलेला संघ बाद फेरीत हरतो, तेव्हा दोष दैवाला देता येत नाही. मुंबईचे अठरा गडी बाद करताना १३६५ धावा द्याव्या लागल्या, हे त्या पराभवाचे साधे कारण आहे.

अंतिम सामने तीन आले आणि तिन्ही हातचे गेले. १९७०-७१ मध्ये मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते; तरी सुधीर नाईक यांच्या दुय्यम वाटणाऱ्या संघाने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. १९९२-९३ मध्ये लुधियान्यात पंजाब भारी पडला. आणि २०१३-१४ चा अंतिम सामना झाला हैदराबादेत. उपांत्यपूर्व फेरीत वानखेडेवर मुंबईला आठ गड्यांनी नमवताना केदार जाधव नाबाद १२० आणि जालन्याचा विजय झोल नाबाद ९१ असे खेळले होते. अंतिम सामन्यात कर्नाटकने सात गड्यांनी बाजी मारली. नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. आपला संघ आयुष्यात एकदा अंतिम सामन्यात पाहायचा, तर तो जुन्या राजधानीतच, असा तो योग होता.

आता आजचे गणित. एलिट गटात आठ संघ, प्रत्येकाचे सात साखळी सामने, पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास सात. अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्याला तीन, पिछाडीवरच्याला एक. सातही सामन्यांत नुसती आघाडी घेतली तरी बेरीज एकवीसच होते. २०२२-२३ मध्ये त्या गटातून पुढे जाण्यासाठी सव्वीस गुण लागले. म्हणजे तीन निर्णायक विजय आणि उरलेल्या सामन्यांत दोन-तीन आघाड्या, याखाली हिशेब जमत नाही. निर्णायक विजयाला वीस गडी लागतात आणि चार दिवसांत वीस गडी टिपणारी गोलंदाजी महाराष्ट्राकडे सातत्याने नसते. २०२५ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत आनंद झाला असेल; परंतु त्याच वर्षी केरळकडून आलेला चाळिशीच्या उंबरठ्यावरचा फिरकीपटू जलज सक्सेना, ही खरी गरजेची भरती होती. गोलंदाज बाहेरून आणावा लागतो, हीच अडचण.

तो गोलंदाज कोठून यावा? औरंगाबादच्या इक्बाल सिद्दीकीने महाराष्ट्राकडून खेळत २००१ मध्ये मोहालीला कसोटीचे दार गाठले. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या विश्वविजेत्या एकोणीस वर्षांखालील संघात होता. पैठणचा अंकित बावणे फलंदाज खरा, पण मराठवाड्याचा माणूस या संघाचा कणा होऊ शकतो हे त्याने वर्षानुवर्षे दाखवले. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर मात्र रेल्वेकडून खेळला आणि त्याच्या काळात रेल्वेने दोनदा करंडक जिंकला. एवढ्या नावांवर प्रदेशाचा सिद्धान्त उभारणे धाडसाचे होईल. तरी वेगवान गोलंदाजीची गुणवत्ता पुणे-नाशिकपुरती नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

‘मग मराठवाड्याचा वेगळा संघच हवा’ ही मागणी येथे हमखास निघते आणि विदर्भाचे उदाहरण दिले जाते. उदाहरण खरे, पण अर्धवट. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आणि पहिला करंडक त्याला २०१७-१८ मध्ये मिळाला. साठ वर्षांची ही वाट नव्या संघाने पुन्हा पहिल्यापासून चालावी, यात शहाणपण नाही. सामने येथे आणणे अधिक सोपे आहे. गहुंजे, नाशिक, सोलापूर ही मैदाने महाराष्ट्राला ठाऊक आहेत. नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी स्टेडियमवर चार दिवसांचे सामने नियमित झाले, तर गोलंदाजी शिकणारी मुले ती प्रत्यक्ष पाहतील.

लातूरचा या खेळाशी एक वेगळा हिशेबही आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानाला पाणी की माणसाला, हा प्रश्न लातूरच्या नावाने देशभर विचारला गेला. त्या उन्हाळ्यात लातूरच्या मुलांनी सामने दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि त्यानंतरही बहुतेक तसेच पाहिले.

म्हणून पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा नांदेड-लातूरच्या चाहत्याने ऋतुराज गायकवाडच्या शतकांपेक्षा एका आकड्यावर डोळा ठेवावा : पहिल्या चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्याचे वीसच्या वीस गडी किती वेळा बाद झाले. दोनदा झाले, तर बाद फेरीच्या गप्पा रंगवायला हरकत नाही. एकदाही झाले नसतील, तर जानेवारीत इतर संघांच्या निकालांची बेरीज-वजाबाकी करत बसण्यात अर्थ नाही. ती १९४९ पासून होतच आली आहे.