घर-शिवार : रिळावरून घसरणारा दोरा

कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल आणि मोसंबीच्या डिंक्याबद्दल लिहिणाऱ्याने शिवणाच्या दोऱ्याबद्दल कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पण आपल्या जालना जिल्ह्यातून कापूस बोंडातून निघून जिनिंगला जातो आणि कधी ना कधी दोऱ्याचे रीळ होऊन घरात परत येतोच. शिवारात कापसाची काळजी आपण करतो, आणि घरात आला की तो बायामाणसांच्या हवाली करून मोकळे होतो. शिवाय अलीकडे गावोगावच्या बैठकांत औषध-खतांच्या प्रश्नांनंतर मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : “साहेब, दोरा रिळावरून खाली घसरतो, दांडीला गुंडाळतो अन्‌ काडकन तुटतो. मशीन बिघडलं का?”

मशीन बिघडलेले नसते. निदान बहुतेक वेळा तरी नसते.

२०२३ साली पावसाने मराठवाड्याला दगा दिला आणि जालना तालुकाही दुष्काळी तालुक्यांच्या यादीत आला. त्या वर्षी ज्या घरांत माळ्यावर पडलेले शिलाई मशीन होते, त्या घरांनी ते खाली काढून पुसले. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत एक ताई आहेत. शेत कोरडवाहू, चार एकर, कापसाचे दोन वेचेही धड झाले नाहीत. त्यांनी उन्हाळ्यात एका दुकानाकडून शाळेचे गणवेश नगावर शिवायला घेतले. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, म्हणजे काम तारखेवर द्यायचे. आणि इकडे एका सदऱ्यात पाच-सहा वेळा दोरा तुटायचा. दुकानदाराने अर्धा गठ्ठा परत पाठवला, कारण शिवण कुठे आवळलेली तर कुठे सैल. मिस्त्री दोनदा येऊन गेला, दोनदा पैसे घेऊन गेला. ताई म्हणाल्या, “भाऊ, मशीन विकून टाकते आता, जे येतील ते.”

मी काही शिवणकामातला माणूस नव्हे. पण पिकाचा रोग ओळखताना पहिल्यांदा पानाकडे न बघता मुळाकडे बघावे, एवढे नोकरीने शिकवले आहे. मशीनचे मूळ म्हणजे दोरा जिथून निघतो ती जागा. तिथे पाहिले. ताईंनी काटकसर म्हणून छोट्या रिळांऐवजी मोठा कोन आणला होता, तो मशीनशेजारी पाटावर उभा ठेवला होता, आणि दोरा आडवा ओढून घेतला होता. वर पंखा गरगरत होता. कोनाच्या पायथ्याशी दोऱ्याच्या सैल वेढ्यांचे कडे साचले होते. मशीन चालले की ते कडे कोनाखाली सरके आणि तिथेच अडके.

आता हे का होते ते नीट समजून घ्यावे, म्हणजे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

दोरा गुंडाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत वेढ्याशेजारी वेढा सरळ बसवतात, विहिरीच्या रहाटावर दोर बसतो तसा. अशा रिळाच्या दोन्ही टोकांना चकत्या असतात, म्हणजे दोरा कडेने ढळू नये. दुसरीत दोरा खालून वर, वरून खाली तिरपा जातो, आणि एक थर दुसऱ्या थराला फुलीसारखा छेदतो. मोठे कोन आणि बिनचकतीच्या सरळ नळ्या या तऱ्हेने भरलेल्या असतात. रीळ हातात घेऊन दोऱ्याच्या रेघा पाहिल्या की चटकन कळते : आडव्या समांतर रेघा की फुल्या.

सरळ वेढ्यांच्या रिळातून दोरा बाजूने निघाला पाहिजे, आणि निघताना रीळ दांडीवर फिरले पाहिजे. हे रीळ स्थिर ठेवून दोरा डोक्यावरून ओढला, तर तो वरच्या चकतीच्या कडेला घासतो आणि शेजारचे दोन-तीन वेढे बरोबर घेऊन येतो. फुलीच्या कोनाचे अगदी उलटे. तो जागचा हलता कामा नये, आणि दोरा त्याच्या शेंड्यावरून सरळ वर उचलला गेला पाहिजे. आडवा ओढला की वेढे उताराने पायथ्याशी घसरतात. ताईंच्या घरी नेमके हेच चालले होते.

फुलीची ही युक्ती माणसाने काढली असे कोणी समजू नये. रेशमाचा किडा ती कधीपासून जाणतो. कोष विणताना तो डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवत जातो आणि आपला धागा तसाच आडवातिडवा मांडतो, वरून डिंकासारख्या द्रव्याने चिकटवतो. म्हणून चांगल्या कोषातला हजार मीटरच्या आसपासचा अखंड धागा गुंता न होता उलगडता येतो. गरम पाण्यात डिंक सैल करायचा, टोक शोधायचे आणि उचलायचे. २०१८ पासून जालन्यात रेशीम कोषांचा बाजार भरतो. तिथे कोष विकायला जाणाऱ्या घरांतल्या बायांना हे मी सांगितले, तेव्हा त्यांना कोनाची गोष्ट एका वाक्यात समजली. पैठणचे विणकरही कांडी भरताना फार जपतात, कारण कांडीवरून वेढे एकदम ढासळले की धोट्यात गुंता होतो आणि पदराच्या कामात खोट येते.

आपल्याकडच्या काळ्या मशीनवर वरच्या बाजूला जी उभी दांडी असते, ती सरळ वेढ्यांच्या लहान रिळासाठी केलेली आहे. तीवर रीळ फिरते ते ठीकच, पण पाय थांबला तरी रीळ लगेच थांबत नाही. ते आणखी दोन फेरे मारते, तेवढा दोरा सैल होतो आणि चकतीखालून उतरून दांडीला विळखा घालतो. पुन्हा पायटा मारला की विळखा आवळतो, सुई वाकते किंवा दोरा तुटतो. यावर उपाय म्हणजे रिळाला थोडा अटकाव. जुन्या घोंगडीचा रुपयाएवढा गोल कापावा, मध्ये भोक पाडावे आणि रिळाखाली दांडीत घालावा. लोकर रिळाला हलकेच धरून ठेवते, आणि चकतीखालची फटही बुजते. नव्या मशीनला अशी चकती मिळते, पण ती पहिल्याच वर्षी हरवते. घोंगडीचा तुकडा नसेल तर जाड बनातीचा चालेल. सुती चिंधी नको, तिचे धागे सुटून दांडीलाच गुंडाळतात.

रिळाच्या एका चकतीला दोऱ्याचे टोक अडकवायला खाच असते. पूर्वीच्या लाकडी रिळांनाही असे. ही खाच वरच्या अंगाला राहिली, तर उसळलेला दोरा नेमका तिच्यात अडकतो. खाच खाली करून रीळ घालावे. प्लॅस्टिकच्या खाचेला कधी कधी बारीक कूस राहिलेली असते, ती पॉलिश पेपरने घासून टाकावी. मिस्त्रीचे शंभर रुपये पुष्कळदा एवढ्यावर वाचतात.

आता मोठा कोन. तो स्वस्त पडतो यात शंका नाही, आणि नगावर काम करणाऱ्या बाईने तोच घ्यावा. मात्र त्याला स्वतंत्र जागा हवी. रुंद तोंडाची जड बरणी किंवा स्टीलचा मोठा मग मशीनच्या मागे ठेवावा आणि कोन त्यात उभा करावा. वेढे सुटले तरी भांड्यात राहतात, पंख्याच्या वाऱ्याने इकडेतिकडे होत नाहीत. मग कोनाच्या बरोबर माथ्यावर एक कडी हवी. मोडक्या छत्रीची काडी घ्यावी, टोकाला पक्कडीने गोल वळवावे, आणि ती मशीनमागच्या भिंतीला किंवा काठीला बांधावी. कोनाच्या बुडापासून कडीपर्यंत उंची कोनाच्या उंचीच्या साधारण अडीचपट धरावी. कडी कोनाच्या मध्यावरच यावी, बाजूला सरकली की पुन्हा तीच घसरण. दोरा तिथून खाली मशीनच्या पहिल्या आकड्यात आणि पुढे नेहमीच्या वाटेने घ्यावा. काडीच्या टोकावर बोट फिरवून पाहावे. बोटाला जे टोचते ते दोऱ्यालाही कापते.

ताईंची व्यवस्था एका दुपारी अशी करून दिली. काडी त्यांच्याच घरच्या छत्रीची होती. गणवेश मुदतीत गेले. परत आलेला गठ्ठा मात्र उसवून पुन्हा शिवावा लागला, आणि त्याची मजुरी कोणी दिली नाही.

दोरा कशाचा आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. सुती दोऱ्याला बारीक तुसे असतात, त्यामुळे वेढा वेढ्याला धरून राहतो. तुसे जाळून, कॉस्टिक सोड्यात ताणून चमक आणलेला सुती दोरा जरा निसरडा होतो. यातली कॉस्टिक सोड्याची मूळ प्रक्रिया जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ साली शोधली, म्हणून तिला मर्सरायझिंग म्हणतात; ताण देऊन चमक आणण्याची रीत मात्र त्याच्या नंतरची. पॉलिस्टर १९४१ चे. त्याच्यातही दोन प्रकार आहेत : आखूड तंतू कातून केलेला दोरा सुतासारखा थोडा खरबरीत लागतो, आणि अखंड तंतूचा दोरा काचेसारखा गुळगुळीत. भरतकामाचा चकचकीत दोरा या दुसऱ्या जातीचा. तो बसल्या जागी, कोणी हात न लावता कोनावरून ओघळतो. अशा दोऱ्याला जाळी घालावी. जुन्या नायलॉनच्या पायमोज्याची चार बोटे रुंदीची नळी कापून कोनावर खालून चढवावी, शेंडा उघडा ठेवावा आणि दोरा वरून काढावा. जाळी सैल हवी. घट्ट झाली तर टाके आवळतात. कांद्याच्या गोणीची जाळी घरात पडलेली असते म्हणून ती कोणी वापरू नये, तिच्या गाठींत दोरा हमखास अडकतो.

एक सवय मात्र मोडली पाहिजे. शिवण बिघडली की आपल्या भगिनी पहिल्यांदा टेन्शनचा स्क्रू पिळतात. रोग मुळाला आणि फवारणी पानावर, त्यातला हा प्रकार. दोरा रिळापाशीच अडखळत असेल तर स्क्रू कितीही फिरवला तरी एक टाका बरा, दुसरा वाईट अशीच शिवण येणार, आणि मूळचा चांगला लागलेला स्क्रूही हलून बसणार. आधी दाबाचा पाय वर उचलावा, सुईपाशी दोरा धरून हाताने वीतभर ओढून पाहावा. तो सारखा, एका लयीत आला पाहिजे. झटके बसत असतील तर दोष वर आहे, रिळाकडे किंवा वाटेवरच्या कड्यांत. पाय वर असताना दोरा सुरळीत येत असेल, तरच पुढे टेन्शनकडे आणि बॉबिनकडे बघावे.

बॉबिनचीही तीच कथा, फक्त लहान आकारात. मुले फार वेगाने चाक फिरवून बॉबिन भरतात, मग मध्ये फुगवटा आणि कडेला खड्डा होतो. सैल भरलेल्या बॉबिनचे वेढे कडेने उतरून केसात गुंततात. दोरा भरणीच्या छोट्या ताणचकतीतून घेऊन, मध्यम गतीने, कडेपेक्षा थोडी कमी भरावी. आणि भरलेल्या बॉबिन डब्यात टाकल्या की त्यांची टोके एकमेकींत अडकून दिवाळीच्या फराळातल्या शेवेसारखा गोळा होतो, त्याला उपाय आपल्या शेतातच आहे. ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटरच्या नळीचे, तोटी नसलेल्या भागाचे, बॉबिनच्या आतल्या रुंदीहून किंचित अरुंद असे तुकडे कापावेत. प्रत्येकाला एका बाजूने चीर द्यावी, साबणाने स्वच्छ धुवून वाळवावे, आणि चिमटा लावावा तसे बॉबिनवर बसवावे. नळी अंगच्या ताठपणाने धरून राहते. मोसंबीच्या बागेत अशा नळीचे वेटोळे बांधावर पडलेले असतात. सायकलच्या ट्यूबचे कडे मात्र पांढऱ्या दोऱ्याला लावू नये, उन्हाळ्यात रबर चिकट होऊन डाग पडतो.

दोरा उन्हात ठेवू नये, सुती असो की पॉलिस्टर. खिडकीतले रीळ वर्षभरात वरच्या थरापुरते कुजके होते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरला वीज धरते आणि तो फुलून वेढे सोडतो, अशा वेळी डबा बंद ठेवलेला बरा. जरीचा चपटा धागा डोक्यावरून ओढला तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि तो मुरडतो. म्हणून जर नेहमी बाजूने, रीळ फिरवत काढावी. सुतळीचा गुंडा याच्या उलट, आतले टोक शोधून पोटातून काढला की तो शेवटपर्यंत गडगडत नाही.

बियाण्याच्या पिशव्यांचे तोंड ज्या साखळी टाक्याने शिवलेले असते, तो एका टोकाने ओढला की सरसर उसवतो, दुसऱ्या टोकाने हलतही नाही. पेरणीच्या घाईत लोक विळा लावतात आणि दोराही जातो, पिशवीही फाटते. बरोबर टोक धरले तर हातभर लांबीचा मजबूत दोरा मिळतो. तो पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवावा, पोत्यांना ठिगळ लावायला उपयोगी पडतो. पुठ्ठ्याला कात्रीने एक बारीक खाच द्यावी आणि टोक तिच्यात अडकवावे.

पुढल्या अंकात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल लिहीन.