गोळी कुलपात, माणूस वाऱ्यावर

ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ साली बंगालच्या अफूची मक्तेदारी हाती घेतली आणि पुढे कलकत्त्यात अफूच्या पेट्यांचे लिलाव करून तिजोरी भरली. नशेतून महसूल मिळवताना सरकारचा हात आखडला नाही. उपचार देण्याची वेळ आली की मात्र नियमांची भिंत उभी राहते.

त्याच शहरात १९९० च्या दशकात स्वयंसेवी संस्थांनी हेरॉईनग्रस्तांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देण्यास सुरुवात केली. जिभेखाली ठेवायच्या या गोळीने तलफ शमते, अंगदुखी-तळमळ थांबते, सुई सुटते आणि एड्सचा धोका कमी होतो. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सरकारनेही हा उपचार स्वीकारला.

नियंत्रण नको, असे आमचे म्हणणे नाही. याच औषधाच्या इंजेक्शनचा नशेसाठी गैरवापर कलकत्त्याने पाहिला आहे. परंतु केंद्रावर रोज जाऊन, कर्मचाऱ्यासमोर गोळी घेण्याचा नियम पाळीत राबणाऱ्या माणसाने कसा पाळायचा? हावडा मेलवर नागपूरहून निघालेला गार्ड किंवा आर.एम.एस.च्या रात्रपाळीतील सॉर्टर रोज दहा वाजता रांगेत उभा राहणार कसा? रजा मागावी तर कारण सांगावे लागते. कारण सांगावे तर नोकरीची भीती. म्हणून तो गप्प बसतो आणि आजार वाढतो.

घरी न्यायला गोळ्या देणे अशक्य नाही. २०२० च्या टाळेबंदीत सरकारनेच त्यास परवानगी दिली होती. संकटात जे चालते, ते स्थिर झालेल्या रुग्णांना नेहमीसाठी का चालू नये?

कायदाही आपल्या बाजूला आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण जाऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अंमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. न्यायालय ज्याला उपचाराची संधी देते, त्याला साहेबाने आरोपपत्र का द्यावे?

प्रवाशांच्या सुरक्षिततेशी तडजोड आम्हाला मान्य नाही. नशेत असलेल्याच्या हाती इंजिन नकोच. उपचारकाळात त्याला दुसरे काम द्या, पगार व ज्येष्ठता राखा. डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवल्यावर मूळ जागी परत घ्या. रेल्वे रुग्णालयांत हा उपचार मिळावा, टपाल कर्मचाऱ्यांना जवळच्या केंद्राशी जोडावे आणि रुग्णाचे नाव गुप्त राहावे.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अफू, हेरॉईन व तत्सम पदार्थांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. त्यांत आपलेही बांधव असणार. शाखांनी त्यांच्याकडे बोट दाखवू नये, हात द्यावा.