टिपूस न काढणारी आई

चेहरा हा पुरावा नव्हे, असे या स्तंभातून मी इतक्या वेळा लिहिले आहे की त्या विषयाकडे एवढ्या लवकर पुन्हा वळण्याचा माझा मानस नव्हता. परंतु या आठवड्याच्या टपालात एका निवृत्त फौजदारांचे जे पत्र आले, त्याने माझा नाइलाज केला. तान्हे मूल नाहीसे झालेल्या एका आईची मुलाखत त्यांनी दूरदर्शन संचावर पाहिली. ती बाई संथपणे, क्रमवार, घड्याळाच्या वेळा सांगत बोलत होती, आणि एवढ्यावरून, बाईने डोळ्यांतून टिपूस काढला नाही तेव्हाच काय ते समजलो, असा निर्वाळा देऊन त्यांनी खाली सही केली आहे. पत्राची भाषा सभ्य आहे, लिहिणाराचा हेतू वाईट नाही, आणि त्यांच्या नोकरीविषयी मला आदरच आहे. तरीही हे उत्तर खाजगी टपालाने न पाठविता येथे देतो, कारण जे त्यांनी लिहिले तेच मी आठवडाभर वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात ऐकत आलो आहे, आणि ते बोलणाऱ्यांत आया अधिक होत्या.

लिंडी चेंबरलेन यांची हकीकत पूर्वी एकदा सांगून झाली आहे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ज्याला तेव्हा एअर्स रॉक म्हणत आणि आता उलुरू या मूळ नावाने ओळखतात त्या तांबड्या महापाषाणाजवळच्या तळावरील तंबूतून त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया डिंगो जातीच्या रानकुत्र्याने उचलून नेली. दोन वर्षांनी डार्विनच्या न्यायालयाने त्या आईलाच खुनी ठरवून सक्तमजुरीची जन्मठेप दिली. आणि २०१२ च्या जूनमध्ये, चौथ्या मृत्युचौकशीअंती, कॉरोनर एलिझाबेथ मॉरिस यांनी मृत्यूचे कारण डिंगो हेच असल्याची नोंद दप्तरी केली, एवढे स्मरण पुरे आहे. शास्त्रीय पुराव्याचे पुढे काय झाले तेही वाचकांस ठाऊक आहे: मोटारीत सापडलेले अर्भकाचे रक्त म्हणून शपथेवर सांगितलेला शिंतोडा हा कारखान्यात मारलेल्या आवाजरोधक द्रव्याचा निघाला. मला आज बोलायचे आहे ते प्रयोगशाळेविषयी नव्हे. तो पुरावा पुढे येण्याच्या कितीतरी आधी, घरोघरीच्या दिवाणखान्यांत बाईच्या मुद्रेवर जो खटला चालला आणि ज्याचा निकाल डार्विनच्या पंचांनी पाहता पाहता आपलासा केला, त्याविषयी मला बोलायचे आहे.

त्या खटल्यातील आरोप काय होते? बाई कॅमेऱ्यापुढे स्थिर आवाजात बोलली. हिंस्र श्वापद अर्भकाच्या अंगावरचे कपडे कसे सोलून काढू शकते, हे तिने विचारल्यावर समजावून सांगितले. चौकशीच्या दिवसांत ती नीटनेटकी, वेगवेगळ्या पोशाखांत आली, डोळ्यांवर काळा चष्मा लावून आली. त्यापूर्वी कधी तरी तिने लेकीला काळे झबले घातले होते. नवरा मायकेल हा सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या अल्पसंख्य पंथाचा पाद्री, आणि मूल गेल्यानंतर एका वृत्तपत्राच्या विनंतीवरून तो त्या खडकाची छायाचित्रे काढीत होता. पतिपत्नींनी ईश्वरी इच्छेचा आणि पुनरुत्थानाचा उच्चार केला. मुलीच्या नावाचा अर्थ रानात दिलेला बळी असा होतो, ही निखालस खोटी कंडी या सगळ्याच्या जोडीला पिकली. कॉरोनर डेनिस बॅरिट यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये आपला निर्णय मुद्दाम दूरदर्शनवरून थेट प्रक्षेपित करविला, अफवा थांबाव्यात म्हणून डिंगोनेच मूल नेले असे साऱ्या राष्ट्रासमोर सांगितले; पण ज्या लोकांनी मुद्रा वाचून ठेवली होती त्यांना निकालपत्र वाचण्याची गरज उरली नव्हती.

या प्रकरणाशेजारी मी नेहमी एक जुने प्रकरण ठेवून पाहतो, आणि माझ्या वाचक फौजदारांनीही ते ठेवून पाहावे अशी माझी विनंती आहे. १ मार्च १९३२ च्या रात्री, अमेरिकेच्या न्यू जर्सी प्रांतातील होपवेल गावाजवळच्या घरातून, वरच्या मजल्यावरील खोलीत निजलेले चार्ल्स लिंडबर्ग यांचे वीस महिन्यांचे मूल नाहीसे झाले. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला विमान उतरविणारा हा पुरुष त्या वेळी जगातील सर्वाधिक लोकप्रिय माणसांपैकी एक होता. मूल पाळण्यात नाही असे दिसताच दाईने, बाळ आपल्यापाशी आहे का, थट्टा करू नका, अशा अर्थाचे त्यांना विचारले, कारण मालकांचा थट्टेखोर स्वभाव घरातल्यांच्या परिचयाचा होता. खिडकीशी पन्नास हजार डॉलरांच्या खंडणीची चिठ्ठी सापडली, आणि त्या क्षणापासून कर्नल लिंडबर्ग यांनी तपासाची सूत्रे आपल्या हाती घेतली. प्रांतिक पोलिसांचे प्रमुख श्वार्झकॉफ त्यांच्या हुकमाप्रमाणे वागत. गुन्हेगारी जगातील मध्यस्थांशी बोलणी त्यांच्या संमतीने झाली. खंडणीच्या नोटांचे क्रमांक टिपून ठेवू नयेत असा त्यांचा आग्रह होता, आणि सरकारी खात्याच्या एल्मर आयरी यांनी तो मानला नाही म्हणूनच पुढे, १९३४ मध्ये, त्या नोटांच्या मागावरून ब्रूनो हाउप्टमन हा सुतार हाती लागला. १२ मे रोजी घरापासून काही मैलांवर बालकाचे कलेवर सापडले. पित्याने ते ओळखले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे दहन झाले. या सर्व काळात त्यांना कोणी चारचौघांत रडताना पाहिले नाही.

आता मातेकडे पाहा. अ‍ॅन लिंडबर्ग यांनी, मूल ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना कळावे म्हणून, त्याचा आहार वृत्तपत्रांतून जाहीर केला: दिवसभरात अमुक इतके दूध, सकाळ-संध्याकाळ तीन चमचे शिजविलेले धान्य, एका अंड्याचा बलक, झोपेतून उठल्यावर संत्र्याचा रस, दुपारच्या झोपेनंतर वाळविलेल्या अलुबुखाराचा रस, औषधाचे चौदा थेंब. ही यादी वाचून अमेरिकेतील आयांची काळजे विरघळली, आणि ती विरघळावीत अशीच ती यादी आहे; थेंबांचा हिशेब ठेवणारी आई भीतीने किती व्याकूळ झाली असेल हे तिच्या नेमकेपणातूनच कळते. परंतु हाच नेमकेपणा अठ्ठेचाळीस वर्षांनी दुसऱ्या एका आईच्या तोंडून, कपडे कोठे कसे फाटले असतील याविषयी, बाहेर पडला तेव्हा तो काळजाचा दगड ठरला. अ‍ॅन तेव्हा गरोदर होत्या, आणि लोकांनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केल्या. लिंडी खटल्याच्या वेळी गरोदर होत्या, आणि पंचांची दया मिळविण्याचा तो डाव आहे असे बोलले गेले. एकीचे मौन खानदानी धीर, दुसरीचे मौन अपराधी मनाचे लक्षण. पित्यांचीही तीच गत. एकाने पोलिसांना हुकूम सोडले ते कर्तृत्व झाले. दुसऱ्याने कॅमेरा हाती घेतला ते पाप झाले.

माझे म्हणणे लिंडबर्ग दांपत्यावर संशय घ्यायला हवा होता असे मुळीच नाही. अलीकडे तशी पुस्तके निघाली आहेत, आणि त्यांतील लेखक पित्याची थट्टेखोरी, त्याचा हुकमी स्वभाव, ते तडकाफडकी झालेले दहन यांतून त्यालाच गुन्हेगार ठरवू पाहतात. ती पुस्तके मला चेंबरलेन बाईंच्या झबल्याच्या रंगाइतकीच निरुपयोगी वाटतात. देवत्व ओसरल्यावर तीच वर्तणूक आता उलट्या अर्थाने वाचली जात आहे, एवढेच त्यांवरून दिसते. माझा मुद्दा असा की वर्तणूक एकच असताना वाचन बदलते, आणि ते कशाने बदलते हे शोधू गेल्यास मुद्रेपाशी नव्हे तर दर्जापाशी येऊन थांबावे लागते. लिंडबर्ग हा राष्ट्राचा लाडका होता. चेंबरलेन हे माउंट आयझासारख्या दूरच्या खाणगावातले, शनिवारी प्रार्थना करणारे, शेजाऱ्यांना ज्यांचा पंथ धड ठाऊक नाही असे कुटुंब होते.

आणि संशय कोठे तरी उतरावाच लागतो. होपवेलमध्ये तो मालकांवर उतरला नाही, तेव्हा नोकरांवर उतरला. अ‍ॅनच्या माहेरी कामास असलेली व्हायोलेट शार्प ही इंग्रज मोलकरीण, त्या रात्री आपण कोठे होतो याविषयी पोलिसांपुढे गोंधळली, जबानी बदलली, कारण ती एका पुरुषाबरोबर बाहेर गेली होती आणि नोकरी जाईल या भयाने तिला ते सांगवेना. पुन्हा बोलावणे आले तेव्हा, १० जून १९३२ रोजी, तिने विष घेतले. तिचा अपहरणाशी काही संबंध नव्हता हे नंतर निष्पन्न झाले. घाबरलेली मुद्रा हाच तिच्याविरुद्धचा मुद्देमाल होता. लिंडी घाबरलेली दिसली नाही म्हणून दोषी, व्हायोलेट घाबरलेली दिसली म्हणून दोषी: फौजदारसाहेब, आपल्या अनुभवी नजरेने यांपैकी कोणते चिन्ह ग्राह्य धरावे? उलट कर्नलसाहेबांची साक्ष पाहा. १९३२ च्या एप्रिलमध्ये, रात्रीच्या वेळी, खंडणी पोचविली जात असताना दफनभूमीबाहेर मोटारीत बसून दुरून ऐकलेल्या एका हाकेवरून त्यांनी जवळजवळ पावणेतीन वर्षांनी फ्लेमिंग्टनच्या न्यायालयात हाउप्टमनचा आवाज ओळखला. त्याच्याविरुद्ध इतर पुरावा होता हे खरे. पण त्या हाकेची साक्ष खटल्यात किती वजनदार ठरली हे ज्यांनी तो खटला वाचला आहे त्यांना सांगायला नको. ३ एप्रिल १९३६ रोजी हाउप्टमनला विजेच्या खुर्चीवर बसविण्यात आले.

उलुरूच्या तळावर त्या रात्री हजर असलेल्या माणसांपैकी फार थोड्यांनी त्या आईवर अविश्वास दाखविला, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. शेजारच्या तंबूतील सॅली लो यांनी, आई तंबूपासून दूर त्यांच्याशी बोलत उभी असताना, मुलीचा रडण्याचा आवाज ऐकल्याचे सांगितले. तेथील प्रमुख रेंजर डेरेक रॉफ यांनी डिंगो धीट होत चालल्याचा इशारा वरिष्ठांना आधीच दिला होता. आणि त्या भूमीच्या मूळ रहिवासी अनांगू लोकांतील माग काढणाऱ्यांनी, निपर विनमाटी, बार्बरा जिकाडू यांसारख्या जाणत्यांनी, वाळूत डिंगोची पावले पाहिली, ओझे घेऊन चाललेल्या जनावराची पावले म्हणून ती ओळखली. वाळूवर एका ठिकाणी ओझे टेकवल्याचा आणि विणलेल्या कापडाचा ठसा उमटला होता, तोही तळावरच्या माणसांनी पाहिला. या जाणत्यांच्या ज्ञानाला डार्विनच्या खटल्यात जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. लंडनहून आलेल्या तज्ज्ञाचे म्हणणे पंचांना अधिक पटले. जुन्नरच्या उसाच्या फडाकडेला मूल बिबट्याने नेले तर त्या आईकडे गाव संशयाने पाहत नाही, कारण बिबट्या काय करू शकतो हे गावाला ठाऊक असते. सिडनी-मेलबर्नला डिंगो ठाऊक नव्हता, म्हणून तेथे आईकडे पाहण्यात आले. २००१ मध्ये फ्रेझर बेटावर डिंगोंनी नऊ वर्षांच्या मुलाला मारले, तेव्हा कोठे त्या शहरांचे डोळे उघडले.

लिंडी पहिल्यापासून सांगत होत्या की मुलीच्या अंगावर एक विणलेले झबले होते, आणि त्यामुळेच आतल्या कपड्यावर जनावराची लाळ उमटली नाही. पोलिसांनी ते झबले कल्पित ठरविले. वरिष्ठ न्यायालयाच्या पाचांपैकी दोन न्यायाधीशांनी १९८४ मध्ये दोषसिद्धी मान्य केली नाही, तरीही तुरुंगवास चालूच राहिला. १९८६ मध्ये खडकावरून पडून मेलेल्या एका इंग्रज प्रवाशाचा शोध घेताना ते झबले वाळूत सापडले, आणि काही दिवसांतच बाईंची सुटका झाली. दोषसिद्धी रद्द होण्यास १९८८ चा सप्टेंबर उजाडला.

माग काढणाऱ्यांच्या विद्येविषयीचा माझा जुना हट्ट वाचकांना ठाऊक आहे, आणि तो येथे अप्रस्तुत वाटला तरी मी सोडणार नाही. आपल्या गावगाड्यात चोराचा माग काढीत शिवेपर्यंत नेण्याची आणि तेथून पुढच्या गावावर जबाबदारी सोपविण्याची रीत होती. रामोशी, महार, पारधी यांच्याकडे ती विद्या होती. मग १८७१ च्या कायद्याने अशाच कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार म्हणून दप्तरात चढविण्याचा शिरस्ता पडला, आणि १९५२ मध्ये तो कायदा गेला तरी फासेपारध्याच्या पालावर पोलिसांची पहिली धाड आजही पडते. आमच्या तपासाची पंचाईत अशी झाली की ज्यांना जमीन वाचता येत होती त्यांचेच चेहरे आम्ही वाचीत बसलो. नाशिकच्या पोलीस अकादमीत नव्या फौजदारांना पंचनामा शिकवितात तेव्हा एखाद्या जाणत्या पारध्याला मानधन देऊन बोलवावे, ओल्या मातीतला, वाळूतला, पाचोळ्यातला माग त्याच्याकडून शिकावा, आणि मूल हरवल्याच्या फिर्यादीत आईच्या जबानीच्या कागदावर ‘फिर्यादी शांत दिसली’ अशा मजकुराला बंदी करावी, असा अर्ज मी गृहखात्याकडे पाठविला आहे. त्याची नक्कल फौजदारसाहेबांनाही या टपालाने जाईल, आणि त्यांनी त्यावर सही करून तो पुढे पाठवावा अशी माझी अपेक्षा आहे.