कांचेच्या पेटींतील कंचुकी

नातेपुत्याहून समुद्र किती दूर, हें येथील उन्हाळा सोसलेल्यांस सांगावयास नको. तरीहि गेल्या वैशाखांत आमच्या माडीवर खाऱ्या पाण्याची कांचेची पेटी आली. रत्नागिरीस शिकणाऱ्या नातवानें मिरकरवाड्याच्या धक्क्यावरील टाकाऊ दोराचा तुकडा समुद्राच्याच पाण्यांत बुडवून आणला होता. त्यावर पिवळसर, बुळबुळीत गोळे चिकटलेले. आमच्या मंडळींनीं पाहतांच नाक मुरडलें. "असलें घरांत कशाला?" हा प्रश्न वाचकभगिनींच्याहि मनांत येईल, म्हणून प्रथम त्याचेंच उत्तर देतों.

या प्राण्यांस ट्यूनिकेट म्हणतात. ते अंगावर जाड कंचुक वागवितात, म्हणून आपण त्यांस कंचुकी म्हणूं. मात्र संस्कृत नाटकांतला काठी टेकीत येणारा वृद्ध कंचुकी मनांत आणूं नये. तें नांव प्रस्तुत लेखकासच अधिक शोभेल. हा कंचुक सेल्युलोजचा, म्हणजे कापसाच्या धाग्यांत असतें त्याच द्रव्याचा. तो स्वतः घडविण्याची करामत दुसऱ्या कोणत्याहि प्राण्यास साधलेली नाहीं. एका तोंडानें पाणी आंत घ्यावें, चिकट जाळींत सूक्ष्म शेवाळ अडकवावें, दुसऱ्या तोंडानें पाणी सोडावें, एवढाच त्यांचा दिनक्रम. हृदय मात्र विलक्षण! कांहीं वेळ एका दिशेनें रक्त ढकलतें, क्षणभर थबकतें, आणि मग उलट दिशेनें ढकलूं लागतें. यांच्या पिलांच्या शेंपटींत पृष्ठरज्जु असतो, हें कोवालेव्स्की या रशियन पंडितानें १८६६ सालीं दाखविलें. म्हणजे हा गोळा शिंपल्यांच्या कुळांतला नव्हे, पाठीचा कणा असणाऱ्या आपल्या कुळाचा दूरचा भाऊबंद आहे. आपल्या समुद्रांतील हर्डमानिया नांवाच्या कंचुकीवर एस. एम. दास यांनीं १९३६ सालीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे.

पालन करतांना मात्र माझा गर्व उतरला. सोवळ्याच्या घरांत वाढलेला मी; गाळणीचें यंत्र अहोरात्र चालू, आणि आठवड्यांतून तीनदां पाणी बदलणें. पेटींतून पलीकडील दिनदर्शिकेची तिथि वाचतां येई, आणि कंचुकी रोज आक्रसत जात. महिन्याभरांत निम्म्याहून अधिक गेले. मेलेला गोळा वेळीं काढला नाहीं तर पाणी नासतें, तेंहि घडलें. नातवास कळविण्याची मला लाज वाटली.

आषाढांत माउलींची पालखी गांवीं मुक्कामास आली. घरांत पंगतींवर पंगती. पेटीकडे पाहण्यास कोणास सवड! कोणीसें मोबाईलच्या चार्जिंगसाठीं गाळणीची पिनहि काढून ठेवली होती. बुडबुड्यांचें यंत्र तेवढें चालू राहिलें. चार दिवसांनीं पाहतों तों पाणी हिरवट, आणि उरलेल्या कंचुकींचीं तोंडें चांगलीं उघडलेलीं! मीं ज्यास मळ समजत होतों तेंच त्यांचें अन्न होतें. रोग वगैरे कांहीं नव्हता. मीं त्यांना उपाशी मारीत होतों.

तेव्हांपासून गच्चीवर बरणींत हिरवें पाणी धरतों. त्याचें विरजण नातवानेंच पाठविलें. खारें पाणी, चिमूटभर खत आणि ऊन, एवढ्यावर तें वाढतें. पेटींत तें सकाळ-सायंकाळ इतकेंच घालावें कीं पाणी किंचित् हिरवें होऊन पुढच्या वेळेपर्यंत निवळेल. खाण्याच्या मिठाचें पाणी चालत नाहीं. मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे क्षार असलेलें समुद्री मिश्रण लिटरला सुमारें ३५ ग्रॅम घ्यावें. उडून गेलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेंच करावी, कारण वाफेबरोबर मीठ जात नाहीं. ही भर तांब्यापितळेच्या भांड्यांतून कदापि घालूं नये. तांबें त्यांस विष आहे. प्राणी पाण्याबाहेर उचलूं नये. आंत हवा अडकते.

आमच्या जातीचे कंचुकी एकेकटे राहत नाहींत. एकाच कंचुकांत अनेक जीव नांदतात. आपल्या एकत्र कुटुंबासारखेंच, पण भांडण ऐकूं येत नाहीं! त्यांचीं पिलें आईच्या अंगांतच वाढतात आणि बहुधा सकाळच्या उजेडाबरोबर बाहेर पडतात. म्हणून रात्रीं पेटीवर काळें कापड घालीत असूं. श्रावणांत एके दिवशीं तें काढलें, आणि बेडकाच्या पिलांसारखे, मोहरीहून लहान ठिपके शेंपूट हालवीत उजेडाकडे निघाले. हीं पिलें कांहीं खात नाहींत. त्यांना केवळ जागा शोधावयाची असते. दुपारपर्यंत तीं डोक्याच्या टोकानें कांचेस चिकटलीं, आणि शेंपूट पृष्ठरज्जूसकट अंगांत जिरवूं लागलीं.

मंडळींनीं माझ्या हातांतलें भिंग काढून घेतलें आणि मोजलीं: चौदा. आज त्यांतील सहा जिवंत आहेत, आणि पेटीची ती बाजू पुसावयाची नाहीं, अशी मला सक्त ताकीद आहे.